हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना सरकार वर्षातून एकदा, नोव्हेंबर महिन्यात, एकच प्रश्न विचारते : आपण हयात आहात काय? उत्तर होकारार्थी असल्याचा दाखला बँकेत रुजू झाला की पुढील बारा महिन्यांपुरती सरकारची जिज्ञासा शांत होते. आणि तो रुजू न झाल्यास, इसम समोरच्या बाकावर बसून खोकत असला तरी, त्याचे वेतन तहकूब राहते. खजिन्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे. मयताच्या नावे पैसा जाऊ नये यासाठी एवढी खबरदारी कोणत्याही दफ्तराला घ्यावीच लागते, आणि दफ्तराकडून याहून अधिक जिव्हाळ्याची अपेक्षा करणे हा दफ्तरावर अन्याय होईल. माझी तक्रार आहे ती आपणा घरच्या माणसांविषयी. ज्या आजोबांच्या पाया पडल्यावाचून आपण परीक्षेला जात नाही, ज्यांचे पथ्यपाणी, चष्म्याचा नंबर आणि औषधांच्या वेळा आपण कसोशीने सांभाळतो, त्यांनाही वर्षानुवर्षे आपण या एका प्रश्नापलीकडे फारसे काही विचारत नाही. ‘बरे आहे ना?’, ‘जेवलात का?’, ‘गोळी घेतलीत?’ ही सारी त्याच सरकारी प्रश्नाची घरगुती रूपे होत. ते हयात आहेत एवढी खात्री पटली की आपलेही समाधान होते. त्या हयातीत काय काय घडले याची पृच्छा करण्याची वेळ मात्र येते ती बहुधा तेराव्याच्या पंगतीत, जेव्हा उत्तर देणारा उरलेला नसतो.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही नातवंडेही वडिलांचे ऐकून अण्णाच म्हणत असू, १९२६ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मले आणि २०२२ साली बदलापुरात, कुळगावातील आपल्या घरी, वारले. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन, गावी काही वर्षे दुसऱ्याची गुरे आणि स्वतःची भूक सांभाळून, विशीत ते अंबरनाथला आले. मिळेल ते काम करीत करीत प्रथम विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात आणि पुढे १९५२ साली ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर म्हणून लागले. १९८६ साली निवृत्त झाले. आणि त्यानंतर निवृत्तिवेतन इतकी वर्षे घेतले की नोकरीचा काळ त्यापुढे थोडका पडला. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या निवृत्तांना वयाची ऐंशी वर्षे पूर्ण होताच वीस टक्के वाढ मिळू लागली, नव्वदीला ती चाळीस टक्के होते, पंचाण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठणाऱ्याचे मूळ निवृत्तिवेतन दुप्पट होते. हा तक्ता अण्णांना रामरक्षेइतका मुखोद्गत होता. ‘शंभरी गाठली की डबल, मग तुम्हां सगळ्यांना मीच पोसीन,’ असे ते म्हणत. आणि जाण्यापूर्वी त्यांच्या मनाला काही हुरहुर लागली असेल तर त्या हुकलेल्या शेवटच्या टप्प्याचाच तिच्यात मोठा वाटा असावा, असे त्यांच्या हिशेबी स्वभावाकडे पाहता मला वाटते.

२०१४ साली ही हयात अंगठ्याच्या ठशावरून संगणकाला पटवून देण्याची सोय झाली, तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या बोटांनी तीन तपांच्या आसपास लेथवर पोलाद फिरवले, त्यांच्यावरच्या रेषा झिजून सपाट झाल्या होत्या. यंत्राची काच पुसली, अंगठा पुसला, उजव्याऐवजी डावा ठेवून पाहिला, शेवटी काउंटरवरच्या मुलीने स्वतःच्या पर्समधील क्रीम त्यांच्या बोटांना चोळून पाहिले, तरी यंत्र त्यांना ओळखीना. ‘रेषा फॅक्टरीत जमा आहेत, तिकडून मागवून घ्या,’ असे अण्णा तिला शांतपणे म्हणाले. तिने बिचारीने कागदी दाखल्यावर सही घेऊन काम भागवले. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो आणि या उत्तरावर मनापासून हसलो होतो. पण लेथवर काम करताना बोटांचे नेमके काय होते, कीस कसा उडतो, हातमोजे का घालीत नसत, हे मी त्यांना रिक्षात बसल्यावरही विचारले नाही.

मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये एकवीस दिवसांत व्हावी लागते, आणि ती झाली. नाव, लिंग, मृत्यूचा दिनांक व ठिकाण, आईवडिलांचे नाव, पत्ता, असे त्या दाखल्याचे रकाने असतात, आणि शहाण्णव वर्षे त्यांत सुखाने मावली. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत त्यांना ‘मनमिळाऊ, परोपकारी व निर्व्यसनी’ ही विशेषणे मिळाली, जी त्या दिवशी त्याच पानावर आणखी कितीतरी जणांना मिळाली होती. वस्तुस्थिती अशी की अण्णा मनमिळाऊ नव्हते, शीघ्रकोपी होते. तपकिरीचे व्यसन त्यांना मरेपर्यंत सुटले नाही. आणि परोपकार करताना ते उपकार घेणाऱ्याचा हिशेब लिहून ठेवीत. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी चौकोनी कापून, त्यांना दाभणाने भोके पाडून, सुतळीने ओवून त्यांच्या वह्या ते स्वतः करीत, आणि त्यांवर दूध, घासलेट, रेल्वेचा पास, सायकलचे पंक्चर असा रोजचा खर्च पेन्सिलीने मांडीत. एका बाजूस कोणाच्या तरी कुलदैवताची कृपा आणि दुसऱ्या बाजूस आमच्या घरचा तेलाचा खर्च, असे ते ऐवज आहेत. ऐंशी वर्षे व काही महिने आयुष्य लाभलेल्याचे आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात, तसे त्यांचेही केले होते. औक्षण झाले, शाल-श्रीफळ झाले, गौरवपर भाषणे झाली, आणि बोलणाऱ्यांपैकी प्रत्येकाने अण्णांविषयी अण्णांसमोर बोलून घेतले. ते मात्र दोन तास व्यासपीठावर मूक बसून होते. आपल्या वृद्धसत्काराची हीच रीत आहे : ज्याला सर्वांत अधिक सांगण्यासारखे असते त्याला हार घालून गप्प बसवायचे.

हे सारे कोणत्याही गावी खरे असेल. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत त्याला विशेष महत्त्व आहे असे मी म्हणतो, त्याचे कारण या गावांच्या घडणीत आहे. पुण्याला पेशवे दफ्तर आहे, साताऱ्याला छत्रपतींची राजधानी आहे, पैठणला सातवाहन आहेत. तेथील आजोबा काही न सांगता गेले तरी गावाचा इतिहास कोठेतरी बांधून ठेवलेला सापडतो. आमच्या या पट्ट्याची लेखी स्मृती पाहू जावे तर तिच्या एका टोकाला अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहार राजा मम्वाणि याचा शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख आहे, मध्यंतरी १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत गेलेला लोहमार्ग आहे, १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातील काही पाने आहेत. आणि त्यानंतर जे काही घडले, म्हणजे भातखाचरांची गावे लाखोंच्या वस्तीची नगरे झाली, ते जवळपास सर्व एका माणसाच्या आयुष्यमर्यादेत घडले. अण्णा अंबरनाथला उतरले तेव्हा काडेपेटीचा कारखाना होता, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना होता, मंदिर होते, आणि उरलेले सर्व शेत होते. ते गेले तेव्हा बदलापूरच्या फलाटावर सकाळी सहाच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. या दोन अवस्थांमधील प्रत्येक पायरी पाहिलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे, आणि तिच्या मागे कोणतेही दफ्तर नाही. विमको आता नाक्याच्या नावापुरता उरला आहे. ज्या ऑर्डनन्सच्या भोंग्यावर अर्धे अंबरनाथ चुलीवर भात चढवीत असे, ती फॅक्टरी २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीकडे वर्ग झाली. मंडळाची कागदपत्रे कोठेतरी नीट लावलेली असतीलच. पण भोंगा वाजल्यावर कोणत्या फाटकातून किती माणसे धावत, उशीर झाल्यास पितळी बिल्ला कोणाकडे जमा होई आणि पगारातून काय कापले जाई, या गोष्टी त्या कागदपत्रांत असण्याचा संभव कमीच.

उल्हासनगरचा दाखला तर याहून ठळक आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने जी छावणी उभारली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय लावण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवून या वस्तीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. पाठ्यपुस्तकास एवढे पुरते. ज्या बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून एका छताखाली कित्येक कुटुंबे राहिली, तेथे रात्री कोणाचे मूल रडले की किती जण जागे होत, पाण्याच्या नळावरचा क्रम कोण ठरवी, लोकलमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या विकणाऱ्या पोराने पहिले दुकान कोणाच्या भरवशावर टाकले, हे सांगणारे आता थोडेच आहेत. वस्तीला अजूनही लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असेच म्हणतात. तेथे जन्मलेल्या मुलांना त्या आकड्यांमागे सैन्याची छावणी होती हे ठाऊक असते, तिच्यातील आयुष्य ठाऊक नसते.

अण्णांचा एक मित्र कॅम्प नंबर चारमध्ये राहत असे. अण्णा त्याला ‘साईं’ म्हणत, तो यांना ‘अण्णाजी’ म्हणे, आणि दोघेही एकमेकांशी जी हिंदी बोलत तिच्यात व्याकरण सोडून सर्व काही होते. साईंचे घराणे शिकारपूरचे. कराचीहून बोटीने मुंबईस आले तेव्हा साईं विशीचे होते, आणि वडिलांनी बिछान्यात गुंडाळून आणलेली पेढीची एक वही त्यांनी अखेरपर्यंत कपाटात ठेवली होती. मी ती पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली, आणि सिंधी पेढ्यांवर चालणाऱ्या जुन्या व्यापारी लिपीत लिहिलेली ती वही साईं बोट फिरवून वाचून दाखवीत : अमक्या गावच्या अमक्याकडे इतके रुपये येणे, तमक्याकडे इतके. शिकारपुरातच राहिलेल्या त्या कुळांकडून ही बाकी वसूल होण्याचा संभव १९४७ सालीच संपला होता, तरी साईंनी ती बुडीत खाती कधी टाकली नाही. १९५४ च्या कायद्यान्वये सरकारने निर्वासितांना मागे राहिलेल्या मिळकतीबद्दल भरपाई देऊ केली, आणि साईंच्या घरी ‘क्लेम’ हा शब्द नातेवाइकाच्या नावासारखा उच्चारला जाई. त्या अर्जात घर, जमीन, दुकानाचा गाळा यांचे रकाने होते, आणि ते त्यांनी भरले होते. कर्जदारांची ती यादी मात्र कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. साईंची नातवंडे पुणे, दुबई, सिंगापूर येथे उत्तम स्थितीत आहेत; त्यांना सिंधी बोलता येते, आजोबांची अरबी वळणाची सिंधी लिपी वाचता येत नाही, आणि ती वही तर त्यांच्या वडिलांनाही वाचता येत नसे. संविधानाच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला १९६७ साली स्थान मिळाले. घराच्या कपाटातील सिंधी वाचून घेण्याची तजवीज मात्र संविधान करू शकत नाही.

सिंधी घरांविषयी हळहळणाऱ्या मराठी वाचकाने आपल्याच घरची ट्रंक एकदा उघडून पाहावी. अण्णांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांच्या वेळचे एक गहाणखत मोडीत आहे. अण्णा ते खडाखड वाचीत. माझ्या वडिलांना त्यातील ‘श्री’ तेवढी ओळखू येते, आणि मला तीही येत नाही. शाळांतून मोडी गेल्याला साठ-सत्तर वर्षे होऊन गेली, तेव्हा मोडी वाचणारे आजोबा आणि पेढीची लिपी वाचणारे साईं हे एकाच काळात, एकाच रेल्वेमार्गावर, आपापल्या कुटुंबांतील शेवटचे साक्षर ठरले. आम्ही दोन्ही घरची मुले त्या वेळी इंग्रजी शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत उभी होतो, त्यामुळे कोणी कोणाला दोष द्यावा असे नाही.

ही साक्ष केवळ हळवेपणासाठी हवी असे कोणी समजू नये. तिचा रोकडा उपयोगही आहे. अंबरनाथच्या मंदिराला वळसा घालून, उल्हासनगरच्या मध्यातून, कल्याणकडे जाणारी वालधुनी ही नदी आहे. हे वाक्य मुद्दाम लिहावे लागते, कारण आज पंचविशीत असलेल्या कोणाही स्थानिकाने तिला नाला याखेरीज दुसऱ्या रूपात पाहिलेले नाही. तिचा रंग कारखान्यांच्या पाळीप्रमाणे पालटतो आणि पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. अण्णांच्या सांगण्यात रविवारी मंदिरामागे कपडे धुवायला जाणे होते, पावसाच्या पहिल्या लोंढ्याला प्रवाहाच्या उलट चढणारे वलगणीचे मासे फडक्याने धरणे होते, आणि उन्हाळ्यात पात्रातच खोदलेल्या झिऱ्यातून हंडे भरणाऱ्या बायका होत्या. नदी शुद्ध करण्याविषयी जेव्हा जेव्हा बोलणे निघते तेव्हा तेव्हा ती शुद्ध म्हणजे कशी असावी याचे माप कोठून आणणार? प्रयोगशाळेचे आकडे पाण्यात काय आहे ते सांगतील. त्यात पूर्वी कोणते मासे होते, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिके, कोणत्या वळणावर डोह होता, हे सांगण्यास कोहोजगावचा किंवा जावसईचा एखादा वृद्धच लागेल.

तीच गोष्ट उल्हासच्या पुराची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सर्वांच्या स्मरणात आहे. बदलापुरात त्या दिवशी नदी घरांत शिरली, आणि पुढे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून तिच्यातील हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दोन्ही वेळा लोकांनी ‘कधी नव्हे असे’ हा शब्दप्रयोग केला. अण्णा मात्र दूरदर्शन पाहता पाहता एवढेच म्हणाले की ती जागा नदीचीच आहे, रूळ मागाहून आले. जुन्या बदलापुरात ज्या भाड्याच्या खोलीत त्यांनी संसार मांडला होता तिच्या दाराच्या चौकटीवर घरमालकाने दर मोठ्या पुराची रेघ कोरून ठेवलेली असे. ते घर गेले, चौकट जळणात गेली, आणि तेथे इमारत उभी आहे. हेंद्रेपाडा, वालिवली या बाजूंना पाणी कोठवर चढते हे जुन्या माणसांना तोंडपाठ होते. आता त्याच पट्ट्यात ‘रिव्हर टच’ अशी जाहिरात करून घरे विकली जातात, आणि ही जाहिरात पावसाळ्यात अक्षरशः खरी ठरते. एका रेघेची नोंद नगरपरिषदेच्या दफ्तरी असती तर बांधकाम परवाना देणाऱ्याला तिच्याकडे डोळेझाक करताना निदान थोडा संकोच तरी झाला असता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. म्हाताऱ्या माणसांची स्मृती दगा देते, ती कालक्रम उलटापालट करते, स्वतःला प्रसंगाच्या मध्यभागी नेऊन बसवते. अशा साक्षीवर इतिहास कसा रचावा? अण्णांपुरता मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. राजगोपालाचारी आले त्या दिवशी आपण गर्दीत पुढे होतो असे ते एकदा सांगत, आणि आपण त्या दिवशी कामावर होतो असे दुसऱ्यांदा. परंतु दोन्ही आवृत्त्यांत ऑगस्टचा चिखल, चिखलावर टाकलेल्या फळ्या आणि फळीवरून घसरणारी माणसे कायम होती. वृद्धांच्या स्मृतीत तारखा सैल असतात आणि वस्तू घट्ट असतात. तारीख आपल्याला अन्यत्र मिळते, वस्तू मिळत नाही.

याचा सर्वोत्तम पुरावा आमच्या शेजारच्या स्टेशनवरचाच आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले, सत्तावनच्या बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात किल्ल्याखालील शहरात राहिले, सर्वस्व गमावून गंगेची कावड तेवढी घेऊन घरी परतले. पाव शतक हे सारे एका भिक्षुकाच्या तोंडी गप्पांच्या रूपाने फिरत होते. कल्याणात जन्मलेले चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांना ते लिहून काढण्याचा आग्रह केला, आणि त्यातून ‘माझा प्रवास’ तयार झाला, जो १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केला. गोडसेभटजींच्या तपशिलांत चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. पण झाशीच्या वेढ्यात सामान्य माणूस कोठे लपला, काय खाल्ले, कशाला भ्याला, हे मराठीत दुसरे कोणी सांगितलेले नाही. आपण गोडसेभटजींचे कौतुक करतो. मला वैद्यांचे अधिक वाटते. सांगणारे प्रत्येक गावात असतात. कागद पुढे करून ‘आता लिहा’ म्हणणारा दुर्मिळ असतो.

आजोबांविषयी लिहिताना आदर आणि सत्य यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्नही नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभले. १९१५ साली त्यांनी ‘आत्मवृत्त’ लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे अजून सत्तेचाळीस वर्षे शिल्लक होती, आणि शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले. एवढ्या मोठ्या सासऱ्यांविषयी लिहिताना त्यांच्या सून इरावतीबाई कर्वे यांनी पूजा मांडली नाही. अपार आदर राखूनही, त्यांच्या कार्यनिष्ठेचे मोल घरच्या माणसांनी कसे चुकते केले ते त्यांनी सांगितले. त्यामुळे अण्णा कर्वे लहान झाले नाहीत, वाचकाच्या जवळ आले. आमच्या निधनवार्तांतील ‘मनमिळाऊ’ अण्णांना हे भाग्य मिळणे अशक्य आहे. तपकीर ओढणारे, लग्नपत्रिकेच्या पाठीवर उसनवारी टिपणारे अण्णा नातवाच्या नातवाला कदाचित ओळखू येतील.

तेव्हा करावे काय? उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी आपापल्या वाचनालयात एक कपाट, एक ध्वनिमुद्रक आणि आठवड्यातून दोन दिवस बसणारा एक समजूतदार कारकून एवढी तरतूद करावी, म्हणजे पुरे. एका नेत्याच्या वाढदिवसाला तिन्ही शहरांत लागणाऱ्या फलकांच्या खर्चात हे खाते आनंदाने चालेल. बदलापुरात ग्रंथसखा वाचनालयाने दुर्मिळ मराठी ग्रंथ व नियतकालिके ज्या निष्ठेने जमवली आहेत ती पाहता, या गावाला जुने कागद सांभाळता येत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही; छापील कागदाला जो मान मिळाला तो हिशेबाच्या वह्यांना, क्लेमच्या अर्जांना, मोडी गहाणखतांना आणि बोलक्या माणसांना मिळावा, एवढाच पुढचा टप्पा आहे. विचारणाऱ्याने मात्र ‘तुमच्या काळी कसे होते हो?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला ‘फार छान होते’ याखेरीज उत्तर नाही. पास कितीला होता, भोंगा कितीला वाजे, शेजारी कोण होते आणि ते कोठून आले होते, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, पहिला पगार कोणाच्या हातात दिला, असे विचारावे, आणि मग गप्प बसावे.

माझ्या मते सुरुवात कानसई, मोरिवली, चिखलोली, कोहोजगाव या मूळ गावांपासून व्हावी, कारण तेथील आगरी आणि कुणबी घरांची घाई सर्वांत अधिक आहे. बाहेरून आलेल्या आम्हां लोकांजवळ निदान एखादी ट्रंक तरी आहे. त्यांच्याजवळ जमीन होती, आणि ती कारखान्यांखाली व इमारतींखाली गेली. तलाठ्याच्या दफ्तरी सर्व्हे नंबर आणि फेरफार मिळतील, पण तेथे प्रत्येक खाचराला नाव असे, आणि ती नावे आता एकेका पाड्यातील तीन-चार म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरली आहेत. ती यंदाच्या दिवाळीपूर्वी उतरवून घ्यावीत. नगरपरिषदेच्या ठरावासाठी थांबण्याचे कारण नाही. कार्योत्तर मंजुरी देण्याचा तिन्ही संस्थांना दांडगा सराव आहे.